गव्हल्याएवढा खलाशी

"जहाज ऱ्हाऊ दे रं बाजूला. मला आधी मानूस सांग. त्या जहाजावर जो मानूस उभा हाय, त्यो केवढा?"

"काकू, माणूस म्हंजी... माणसाएवढाच की."

"आरं माझ्या राजा, तुझ्या जहाजावर मानसाएवढा. माझ्या जहाजावर केवढा?"

मोबाइलमध्ये मन्मथनं डोकं खाजवलं. तो तिकडं विशाखापट्टणमला, नौदलात. रुद्राणीकाकू इकडं देगलूर तालुक्यात, आपल्या घराच्या माळवदावर, कोपरापर्यंत पिठानं माखलेली. मोबाइल तिनं सुपाला टेकवून उभा केला होता. मन्मथ म्हणजे तिच्या दिराच्या पोरीचा, अंजूचा, ठरलेला नवरा. लग्न वैशाखात होतं आणि चैत्र अर्धा सरला होता.

"तुमचं जहाज लांबीला किती भरंल काकू?"

"तुझ्या काकानं पांगाऱ्याचा ओंडका तासलाय. दीड हात भरतंय बग."

मन्मथ तोंडातल्या तोंडात पुटपुटला. "मग एकास अडीचशे धरा. म्हंजी समदंच अडीचशे पटीनं ल्हान. माणूस येतो सात मिलिमीटर."

"मिलिमीटर घाल चुलीत. गव्हाच्या दाण्याएवढा का?"

"हां! तेवढाच."

"मग त्यो गव्हलाच झाला की रं!" रुद्राणीकाकू अशी हसली, की सुपाला टेकलेला मोबाइल पालथा पडला आणि मन्मथला नुसतं आभाळ दिसायला लागलं. "आवं, ऐकलं का? ह्यांच्या नौदलात समदे गव्हलेच भरती हायेत!"

खाली अंगणात वीरण्णा, म्हणजे तिचा नवरा, ओंडक्यावर रंधा मारत होता. तो वर न बघताच म्हणाला, "मग बरंय. तुझ्या हातानं भरती कर आन् तुझ्या हातानंच शिजीव."

आता तुम्ही म्हणाल, देगलूरला समुद्र कुठून आला? समुद्र नाहीच. इथं पाणी बघायचं तर विहिरीत वाकून बघावं लागतं. पण इथं वळवट आहे. उन्हाळा लागला की बाया पाट मांडतात, कणीक तिंबतात आणि बोटांनी चिमटून, वळून, ओढून नाना तऱ्हा करतात. गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले, नखानं दाबलेल्या वाटीसारख्या नखुल्या, फणीवर दाबून रेघा उठवलेले फणोले, काडीवर पट्टी गुंडाळून काडी काढून घेतलेली पोकळ सरगुंडी, आणि शेवया तर आहेतच. हे सगळं खडखडीत वाळवायचं, डब्यात भरायचं, आणि घरात लग्न निघालं की रुखवतात मांडायचं. त्या मांडामांडीत रुद्राणीकाकूचा हात धरणारी बाई त्या पट्ट्यात नव्हती. ती माहेरची औरादकडची, कानडी मुलखातली. अव्वाच्या, म्हणजे आईच्या, मांडीवर बसून गव्हले वळायला शिकली तेव्हा तिला पुरतं बोलताही येत नव्हतं, असं ती सांगते. खोटं सांगत असेल. पण डोळे मिटून, शेजारणीच्या सुनेचं उणंदुणं काढत काढत, ती एकसारखे गव्हले पाडते हे मात्र आख्ख्या गावानं पाहिलंय.

ह्या जहाजाचं खूळ निघालं ते साखरपुड्यात, चाकूरला. मन्मथची थोरली आत्या, सिंधुआत्या, ही तिकडची नामांकित बाई. आजवर तिनं एकाही रुखवताला बरं म्हटलेलं नव्हतं. एकीचे लाडू बघून म्हणाली होती, "गोल हायेत. पर कामून एवढे गोल?" तिच्या घरची एक रीत होती. रुखवतातलं वळवट मांडवातच मूठभर दुधात शिजवून बघायचं. उकललं, पीठ झालं, तर मुलीकडच्यांची नाकं तिथंच कापली. तर ही सिंधुआत्या साखरपुड्यात चहा पिता पिता म्हणाली, "इहीणबाई, वळवटाचं काय मनावर घेऊ नका. मशीनच्या शेवया आणा पुड्यातल्या. आताच्या बायांच्या हातात काय ऱ्हायलंय?"

रुद्राणीकाकूच्या हातातली बशी तशीच राहिली. ती म्हणाली, "पोरगा जहाजावर हाय न्हवं तुमचा? मग रुखवतात जहाजच आणते. लढाईचं. लाकडाचा सांगाडा सोडून त्याच्यावरची एक न एक चीज वळवटाची आसंल. वाट्टंल ती तोडून दुधात घाला. उकललं, तर ही रुद्राणी जल्मात पुन्हा पाटावर बसायची न्हाई."

समोर दोन्हीकडची माणसं होती, विधी करणारे स्वामी होते. बोललं ते बोललं गेलं. गाडीत बसल्यावर वीरण्णानं विचारलं, "जहाज बगितलंस का कधी?"

"तुम्ही बगितलंय का?"

"न्हाई."

"मग गप बसा."

पाटावर बसायचं नाही म्हणजे काय, हे वीरण्णाला चांगलं ठाऊक होतं. फाल्गुन ते वैशाख ही बाई घरात नसायचीच. आज ह्या माळवदावर, उद्या त्या. बायांचा घोळका, मधे पाट, आणि पाटावर रुद्राणी. ती बोलणार, बाकीच्यांनी हसून लोळायचं. ते बंद झालं असतं तर ती घरात बसून वीरण्णाशी बोलली असती. त्यामुळे जहाज तरावं असं तिच्याइतकंच त्यालाही वाटत होतं, आणि म्हणून तो एवढ्या मन लावून रंधा मारत होता.

माणूस कळला आणि सगळं मार्गी लागलं. मन्मथ बिचारा मिलिमीटर सांगायचा आणि काकू त्याचे गव्हले करायची. कठडा कंबरेपर्यंत? म्हणजे अर्धा गव्हला. दरवाजा? एक गव्हला आणि वर थोडं डोकं जायला. डोलकाठी? "किती मानसं एकमेकाच्या खांद्यावर हुबी ऱ्हायली म्हंजी टोकाला हात लागंल?" मन्मथ म्हणायचा, काकू, असं कुणी मोजत नाही. काकू म्हणायची, मग आता मोज.

आतलं काही तो सांगेना. "काकू, आतलं दाखवायला परवानगी न्हाई."

"मला कशाला पायजे तुझं आतलं? मी काय पाकिस्तानला वळवट पाठवायली का? भाईरचं सांग."

मग त्यानं जगाला खुले असलेले फोटो धाडले. अंजूनं ते मोठे करून दाखवले. काकू डोळे बारीक करून बघायची आणि एकेका वस्तूला जागच्या जागी नाव ठेवायची. गोल ताटलीसारखं काही दिसलं, "नखुली." हवा जायच्या पट्ट्यापट्ट्यांच्या खिडक्या, "फणोला." कठड्याचे आडवे गज म्हणजे शेवया, त्याही घोड्याच्या केसाएवढ्या बारीक. आणि पुढची मोठी तोफ दिसली तेव्हा तिनं मांडीवर थाप मारली. "माय माय! हे तर सरगुंडं! ह्यांनी आमचंच चोरलंय की गं अंजू!"

लंगराच्या वेळी मात्र भांडण झालं. काकूनं साखळी केली होती, कड्यात कडं, एकेक कडं मोहरीच्या दाण्याला लाजवील असं. तिच्या टोकाला एक लंगर. मन्मथ म्हणाला, दोन लागतात, दोन्ही बाजूला एकेक.

"दोन कशाला? बैल काय दोन दाव्यांनी बांधतेत का?"

"मारका आसंल तर बांधतेत," खालून वीरण्णा बोलला.

"लढाईचं हाय. मारकंच म्हणायचं," असं म्हणून काकूनं दुसऱ्या लंगराला कणीक घेतली.

खरी फजिती झाली ती रंगाची. जहाज करडं असतं. वीरण्णानं लाकडाला गेटाचा उरलेला राखाडी रंग फासला आणि हात झटकले. पण वळवट तर गव्हाचं, पांढरं फेक. वरून रंग द्यावा तर दुधात घालणार कसं? काकूनं आधी कारळाची पूड कणकेत मिसळली. रंग झकास आला, हुबेहूब फोटोतला. पण कारळाला तेल सुटलं आणि उन्हात आख्खा कठडा सुतळीसारखा मऊ होऊन लोंबायला लागला. दुसऱ्या दिवशी हात लावला तर भुगा. काकूनं त्या भुग्याची चटणी केली, भाकरीबरोबर खाल्ली आणि म्हणाली, "पहिलं जहाज पोटात बुडालं."

मग तिला पापड आठवले. उडीद चिकट, धरून ठेवतो. सालासकट काळे उडीद दळले, गव्हाच्या रव्यात घातले, दुधात तिंबले. करडा रंग आला, वर बारीक ठिपके, गंजल्यासारखे. मन्मथनं फोनवर बघितलं आणि ओरडलाच, "काकू! आमचं बी आसंच दिसतंय हो!"

ह्या कणकेची जहाजावरची माणसं तिनं सुपात वाळत घातली आणि खाली पाणी प्यायला गेली. वर आली तर सुपावर चिमण्यांची पंगत बसलेली.

"होग! ए होग! मुडदा बशिवला तुमचा!" रागाला आली की काकू कानडीवर जायची. चिमण्या उडाल्या. सूप निम्मं रिकामं.

अंजू धावत वर आली. "काय झालं गं काकू?"

"काय व्हायचंय? निम्मं नौदल चिमण्यांनी खाल्लं. कळीव तुझ्या नवऱ्याला."

अंजूनं खरंच कळवलं. तिकडून मन्मथचा उलट निरोप आला, शूर जवानांना सलाम, नवी भरती ताबडतोब सुरू करावी. त्यावर दोघी जिन्यात बसून पोट धरधरून हसल्या. संध्याकाळपर्यंत नवी तुकडी तयार झाली, तिच्यावर जुनेराचं फडकं, आणि फडक्याच्या राखणीला वीरण्णा.

असं करत करत जहाज उभं राहिलं. नळ्या, ताटल्या, खिडक्या, होड्या, शेवयांचे पंखे लावलेलं एक हेलिकॉप्टरसुद्धा. सगळं ओल्या कणकेच्या ठिपक्यानं चिकटवलेलं. नाकाडावर विभूतीचे तीन पट्टे. माणसं कुठं मांडायची, एवढंच काकूनं मन्मथला विचारलं नाही. त्यात काय विचारायचं? दुपारची वेळ, माणसं उपाशी, जहाजावर मागच्या बाजूला चांगली सपाट मोकळी जागा. तिनं तिथं दोन रांगांत सगळ्यांना बसवलं, प्रत्येकापुढं मुंगीच्या टाचेएवढी पत्रावळ मांडली आणि मधून वाढणारा एक उभा केला. हेलिकॉप्टरला जागा उरली नाही, म्हणून ते उचलून पाण्याच्या टाकीजवळ ठेवलं. टाकी मन्मथनं सांगितलेली नव्हती. पण एवढ्या लोकांना पाणी नको?

लग्न देगलूरच्या मंगल कार्यालयात. जहाज जीपमधून काकूच्या मांडीवर आलं. दर गतिरोधकाला ती ड्रायव्हरला शिव्या द्यायची आणि ड्रायव्हर म्हणायचा, "काकू, समुद्रात लाटा आसतेतच."

रुखवत मांडलं आणि मांडवातली गर्दी नवरीला सोडून तिकडं लोटली. पोराबाळांची डोकी, म्हाताऱ्यांचे चष्मे, मोबाइल. बाशिंग सावरत मन्मथ आला, वाकला आणि वाकलेलाच राहिला. त्यानं कठड्याला बोट न लावता हवेतच हात फिरवला. मग त्याची नजर मागं गेली.

"काकू, ही पंगत?"

"जेवायलेत."

"ही जागा हेलिकॉप्टर उतरायची हाय!"

"मग जेवल्यावर उतरंल की. दम न्हाई का त्याला?"

मन्मथला जे हसू फुटलं ते आवरेना. बाशिंगाच्या मुंडावळ्या थरथरायला लागल्या. मांडव हसायला लागला. आणि तेवढ्यात बायांची फळी फोडत सिंधुआत्या पुढं आली. हातात दुधाचं पातेलं, मागं शेगडी घेतलेला आचारी. हसणं थांबलं.

आत्यानं जहाजाला एक फेरी घातली. मग म्हणाली, "बरंय. दूध तापलंय. काय घालू?"

रुद्राणीकाकूनं कमरेवर हात ठेवले. "तुम्ही म्हणाल ते."

"एक मानूस घ्या," कुणीतरी सुचवलं.

"न्हाई न्हाई," मन्मथ मधे पडला, "लग्नादिवशी माझाच सोबती शिजवता का?"

"मग लंगर घ्या."

"लंगर काढला तर जहाज वाऱ्यावर जाईल की," वीरण्णा बोलला. त्याला आता जहाजातलं फार कळत होतं.

"कठडा मोडा थोडा."

"शेवई तर मशीनची बी शिजतीय," आत्या म्हणाली. तिची नजर पुढं गेली. "मला ती तोफ द्या."

बाया 'आँ' झाल्या. सरगुंडं म्हणजे सगळ्यात अवघड. गुंडाळलेली पट्टी. उकळत्या दुधात जरा सैल झाली की वेढा सुटतो आणि नळीची दोरी होते. त्यात हे उडदाचं, पहिल्यांदाच केलेलं. दुधात घालून बघायची बुद्धी काकूला स्वतःला झाली नव्हती. जहाज उभं करायच्या धुंदीत ती ते साफ विसरली होती, आणि हे तिला आत्ता, इथं, तोफ मुळातून मोडताना कळलं.

तोफ दुधात पडली.

"नवरदेवाला आणा, मुहूर्त झाला," बोहल्याकडून स्वामींचा आवाज आला.

"थांबा स्वामी," गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "तोफ शिजायली!"

स्वामी बोहल्यावरून उतरून आले आणि तेही पातेल्यात वाकले. आख्खं लग्न पातेल्याभोवती. दूध वर आलं, खाली गेलं. अंजू हळदीच्या अंगानं, शालू सावरत, गर्दीतून डोकं घालत होती. काकूनं डोळे मिटले होते. वीरण्णानं तिच्या कानात सांगितलं, "फुगायली."

"उकलली का?"

"न्हाई. फुगायली."

आत्यानं पळीनं तोफ वर काढली. ताटलीत ठेवली. होती तिच्या दुप्पट झालेली, गुबगुबीत, पण वेढ्याला वेढा धरून बसलेली. मन्मथ म्हणाला, "आता ही एकास सव्वाशे झाली!" आत्यानं ती दोन बोटांत उचलली, डोळ्याला लावली आणि नळीतून रुद्राणीकाकूकडं बघितलं. आरपार. मग फुंकर मारून तोंडात टाकली.

चावली. थांबली. तिचं तोंड एकदम वाकडं झालं.

"ह्याच्यात काय घातलंय गं बाई?"

"उडीद. जहाज करडं पायजे व्हतं."

"ही खीर न्हाई, ही आमटी हाय!" आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "गोड दुधात पापड भिजवून खाल्ल्यावानी. आयुष्यात आसली वंगाळ चव बगितली न्हाई मी." आत्यानं गिळलं, जीभ टाळ्यावर फिरवली आणि हळू म्हणाली, "पर उकलली न्हाई. माझ्या हातची उकलती."

मग काय विचारता! बायांनी जो गलका केला त्यात बँडवाल्यांना वाटलं अक्षता पडल्या, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. ते ऐकून मागच्या रांगेतल्यांनी अक्षता फेकल्या. निम्म्या जहाजावर पडल्या, निम्म्या स्वामींच्या टकलावर. स्वामी ओरडतायत, "आरं, नवरी हितं उभी हाय, मंगलाष्टक व्हायचंय," आणि मन्मथ जहाजावर आडवा होऊन पोराटोरांपासून त्याचं रक्षण करतोय, कारण आता ज्याला त्याला जहाजाचा एकेक तुकडा चाखायचा होता. एका मामानं तेवढ्यात आचाऱ्याला हाळी दिली, "तेल तापीव रं, मीठ-तिखट टाकून तळू!"

शेवटी लग्न लागलं. थोडं उशिरा, पण कुणाची तक्रार नव्हती.

निघताना आत्यानं काकूच्या ओटीत नारळ घातला. "पुढच्या फागणात चाकूरला ये. पंधरा दिस तरी ऱ्हा. माझ्या सुना वळवट म्हंजी काय ते बगू देत."

"येते की. पर पाटावर मी बसल्यावर बोलणार मी. तुम्ही ऐकायचं."

"बगू," आत्या म्हणाली. एवढं मात्र तिला कबूल करवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर यायच्या आत काकू माळवदावर होती. अंग ठणकत होतं, घसा बसला होता. खाली वीरण्णा खाटेवर पालथा, "आज तरी निजावं माणसानं," असं पुटपुटत होता.

"रवा रातीच भिजीवलाय. निजले तर आंबंल." शेजारच्या सरजाबाईच्या घरचं काम होतं, तिच्या पोरीचं, धम्मप्रियाचं, लग्न दहा दिवसांवर. साधंच, पांढऱ्या गव्हाचं, जहाज-बिहाज काही नाही.

सुपाला टेकवलेला मोबाइल वाजला. मन्मथ, मुंडावळ्या उतरल्या तरी कपाळाला हळद. "काकू, तोफेबिगर जहाज कसं नेऊ मी? माझे दोस्त काय म्हणतील?"

"एक काडी गुंडाळलीय सकाळीच. परवा ने. घाई केलीस तर तडकंल."

"मापात हाय न्हवं?"

"आता ठिव फोन. बाया यायल्यात."

जिन्यावर बांगड्या वाजल्या. सरजाबाई वर आली, मागं आणखी तिघी, सगळ्यांच्या तोंडावर कालचं ऐकायचा अधाशीपणा. काकूनं पदर खोचला, पाट ओढला, परातीतला गोळा दोन्ही हातांनी दाबून बघितला. जरासा घट्ट होता. तिनं दुधाचा हात लावला आणि तिंबायला लागली.

"बसा गं. सांगते. आधी हात धुऊन या."